खोट्या सवंगड्यांसोबतची खरी परीक्षा

'गटकार्यात उत्साहाने सहभाग घेतो.' शाळेच्या प्रगतिपुस्तकातलं हे वाक्य आपण सगळ्यांनी वाचलंय. आपल्या मुलाच्या पुस्तकात असतं, शेजारच्याच्याही असतं, आणि वर्गातल्या बहुतेक सगळ्यांच्याच असतं. यात बाईंचा किंवा सरांचा दोष काढायचं कारण नाही. गणिताचा पेपर तपासता येतो, शुद्धलेखनाच्या चुका मोजता येतात. पण चार पोरांनी मिळून केलेल्या प्रकल्पात डोकं कोणाचं चाललं, भांडण कोणी मिटवलं, आणि कोण नुसतं शेवटी नाव लिहायला आलं, हे कशावरून ठरवायचं?

हा प्रश्न फक्त आपल्या शाळांचा नाही. गेली ऐंशी वर्षं जगभरातली शहाणी माणसं त्याच्याशी झगडतायत. त्यातला एक प्रयत्न मला फार महत्त्वाचा वाटतो. २०१५ साली ५२ देश आणि प्रदेशांतल्या सुमारे सव्वा लाख मुलामुलींनी एक परीक्षा दिली. त्यात प्रत्येकाला एका टीममध्ये बसवलं होतं, पण त्या टीममध्ये खरा माणूस तो एकटाच होता. बाकीचे गडी कॉम्प्युटरने उभे केलेले होते. हे असं का केलं, त्यातून काय कळलं आणि आपण त्यातून काय घ्यायचं, यावर आज लिहितोय. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

सुरुवात दुसऱ्या महायुद्धापासून करावी लागते. युद्धाच्या पहिल्या काही वर्षांत ब्रिटिश सैन्यात अधिकारी निवडायची पद्धत म्हणजे एक छोटीशी मुलाखत. पोरगा कुठल्या शाळेतला, बाप कोण, बोलणं कसं, यावर बरंचसं ठरायचं. परिणाम असा झाला की निवडलेले बरेच उमेदवार प्रशिक्षणातच नापास व्हायला लागले. मग १९४२ मध्ये 'वॉर ऑफिस सिलेक्शन बोर्ड' सुरू झाले. तिथे मानसोपचारतज्ज्ञ विल्फ्रेड बायन यांनी एक साधी पण भन्नाट कल्पना पुढे आणली. काही उमेदवारांना एकत्र करायचं, एक काम द्यायचं, आणि नेता मात्र नेमायचा नाही. मग बाजूला उभं राहून बघायचं. प्रत्येकाला स्वतः चमकायचं असतं, पण काम सगळ्यांनी मिळूनच होणार असतं. या ओढाताणीत माणूस कसा वागतो, तेच बायन यांना बघायचं होतं.

ही पद्धत आपल्याकडे आजही जिवंत आहे. एसएसबीला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा. फळ्या, बल्ल्या, दोर देतात आणि ठरावीक जागेवर पाय न टेकवता अख्ख्या गटाला पलीकडे जायचं असतं. 'जीटीओ' म्हणजे ग्रुप टेस्टिंग ऑफिसर वही घेऊन बाजूला उभा. छत्रपती संभाजीनगरच्या एसपीआयमध्ये आपली मराठी पोरं याच गोष्टींची तयारी करतात. म्हणजे गटातलं वागणं मोजायची कल्पना आपल्याला नवीन अजिबात नाही.

पण एसएसबीच्या मैदानावरून परतलेल्या पोरांची एक तक्रारही कायमची आहे: 'ग्रुपच खराब मिळाला.' कोणी कुणाला बोलूच देत नव्हतं, किंवा सगळेच थंड होते. ही तक्रार दरवेळी रडगाणं नसते. गट बदलला की तोच माणूस वेगळा दिसतो. मोजमापाच्या भाषेत बोलायचं तर पट्टीच दरवेळी वेगळी. सैन्याकडे यावर उतारा आहे. ते उमेदवाराला कित्येक दिवस ठेवून घेतात, अनेक कामं देतात, आणि जीटीओबरोबर मानसशास्त्रज्ञ आणि मुलाखत घेणारे अधिकारीही त्याला बघतात. लाखो शाळकरी मुलांसाठी एवढी सोय कोण करणार?

आता दुसरा धागा. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीचे जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' नावाचा प्रोग्रॅम जगापुढे मांडला. तुम्ही टाइप केलेलं वाक्य उलटसुलट करून तो तुम्हालाच प्रश्न विचारायचा, एखादा मानसोपचारतज्ज्ञ विचारतो तसा. त्याला समजत काहीच नव्हतं. पण लोक त्याच्याशी मन मोकळं करायला लागले. खुद्द वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीने एलायझाशी बोलताना त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. यंत्राशी बोलताना माणूस माणसासारखा वागू लागतो, हे तेव्हा पहिल्यांदा ठसठशीत दिसलं. वायझेनबाउम स्वतः या प्रकाराने अस्वस्थ झाले आणि पुढे कॉम्प्युटरच्या अतिवापराचे कडक टीकाकार बनले.

पण बाकीच्यांनी त्यातून दुसरा धडा घेतला. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून मेम्फिस विद्यापीठात आर्थर ग्रेसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ऑटोट्यूटर' विकसित केला. हा विद्यार्थ्याशी गप्पा मारत विषय शिकवणारा प्रोग्रॅम. पुढे त्यांनी 'तिघांचा संवाद' हा प्रकार केला, म्हणजे पडद्यावर एक शिक्षक, एक वर्गमित्र आणि समोर खरा विद्यार्थी. वर्गमित्र मुद्दाम चुकायचा, आणि मग खरा विद्यार्थी त्याला काय सांगतो ते बघायचं. हे ग्रेसर लक्षात ठेवा, कारण पुढच्या गोष्टीत ते परत येतात.

तिसरा धागा 'पिसा'चा. ओईसीडी ही श्रीमंत देशांची संघटना २००० सालापासून साधारण दर तीन वर्षांनी १५ वर्षांच्या मुलांची वाचन, गणित आणि विज्ञान यांची चाचणी घेते. देशादेशांची क्रमवारी लागते आणि शिक्षणमंत्र्यांची झोप उडते. २००३ मध्ये पिसाने याला 'समस्या सोडवणं' हा विषय जोडला, तो कागदावर. २०१२ मध्ये तोच विषय कॉम्प्युटरवर आला. माहीत नसलेल्या एसीची बटणं फिरवून बघायची आणि कोणत्या बटणाने तापमान बदलतं, कोणत्याने आर्द्रता, ते शोधायचं, असले प्रश्न होते. पण हे सगळं एकट्याने. आणि नोकऱ्या देणारे म्हणत होते की एकट्याने काम करायचे दिवस गेले.

याच सुमारास, २००९ मध्ये, सिस्को, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी मिळून एकविसाव्या शतकातली कौशल्यं मोजायचा एक प्रकल्प सुरू केला. त्याचं केंद्र मेलबर्न विद्यापीठात होतं. त्यांनी दोन खऱ्या मुलांना दोन कॉम्प्युटरवर बसवलं आणि फक्त चॅटवरून बोलू दिलं. एक कोडं ऑलिव्ह तेलाचं होतं. दोघांकडे वेगवेगळं सामान, कोणाचंच एकट्याचं पुरेसं नाही, आणि मिळून बरोबर ४ लिटर तेल मोजायचं. 'तुझ्याकडे काय आहे?' हा प्रश्न विचारल्याशिवाय गाडी पुढे सरकतच नाही. सुंदर कल्पना आहे. वर्गात उद्या करून बघण्यासारखी आहे, कॉम्प्युटरशिवायसुद्धा.

पण इथे एसएसबीवाली तक्रार परत आली. जोडीदार हुशार मिळाला तर तुमचे गुण वाढणार. तो कंटाळून गप्प बसला तर तुम्ही कितीही चांगले असा, दाखवणार काय? पिसाला तर डझनावारी भाषांमध्ये आणि ठरलेल्या वेळात परीक्षा घ्यायची होती, शिवाय नंतर देशांची तुलनाही करायची होती. म्हणून २०१५च्या परीक्षेसाठी तज्ज्ञगटाने खरा जोडीदारच काढून टाकला. या तज्ज्ञगटाचे अध्यक्ष होते तेच आर्थर ग्रेसर. प्रत्येक मुलाला सारखेच जोडीदार: सारखंच बोलणारे, सारखंच चुकणारे, सारखेच अडून बसणारे.

परीक्षा कशी दिसायची? प्रसिद्ध केलेला एक प्रश्न 'झांदार' नावाच्या काल्पनिक देशाचा आहे. एक स्पर्धा आहे. त्या देशाचा भूगोल, लोक आणि अर्थव्यवस्था यांवरच्या प्रश्नांची उत्तरं टीमने शोधायची. टीममध्ये तुम्ही, ॲलिस आणि झॅक. पडद्यावर एका बाजूला चॅट, दुसऱ्या बाजूला नकाशा आणि गुणफलक. ॲलिस आणि झॅक बोलतात, आणि तुम्हाला दिलेल्या चार-पाच वाक्यांतून एक निवडून 'पाठवा' करायचं. कामं वाटायची वेळ येते तेव्हा आवडीनिवडीवरून मतभेद होतात. तेव्हा तुम्ही काय म्हणता? 'मी हे घेतो, तुम्ही तुमचं बघा' की 'कोणाला काय घ्यायला आवडेल, आधी बोलून घेऊ'? गुण अशा ठिकाणी होते. झांदारबद्दल तुम्हाला किती माहिती आहे, याला काही किंमत नव्हती.

मोजायच्या गोष्टी तीन ठरवल्या होत्या: आपल्याला सगळ्यांना एकच गोष्ट कळली आहे ना याची खात्री करणं, ठरलं त्याप्रमाणे योग्य कृती करणं, आणि टीमची घडी बसवणं व टिकवणं. या तिन्ही गोष्टी समस्या सोडवण्याच्या चार टप्प्यांवर बघायच्या, म्हणजे समजून घेताना, मांडणी करताना, योजना करून राबवताना आणि शेवटी मागे वळून तपासताना. तीन चोक बारा, असा बारा कप्प्यांचा तक्ता. आणखी एक हुशारी म्हणजे तुम्ही चुकीचं वाक्य निवडलं तरी गाडी तिथेच रुतत नाही. कॉम्प्युटरचा गडीच संवाद परत रुळावर आणतो, म्हणजे एका चुकीमुळे पुढचे सगळे गुण जात नाहीत.

निकाल नोव्हेंबर २०१७ मध्ये आला. सिंगापूर ५६१ गुणांवर पहिलं, जपान ५५२ वर दुसरं. ओईसीडीची सरासरी ५०० होती. सरासरी २८ टक्के मुलांना फक्त अगदी सोप्या सहकार्याचे प्रश्न जमले, काहींना तेही नाही. वरच्या पातळीवर पोचले फक्त ८ टक्के.

पण खरी मजा क्रमवारीच्या खालच्या ओळींत आहे. चीनमधून बीजिंग, शांघाय, जिआंगसू आणि ग्वांगडोंग असे चार प्रांत एकत्र उतरले होते. त्याच वर्षी त्यांना गणितात ५३१ मिळाले. टीमवर्कमध्ये ४९६, म्हणजे सरासरीच्याही खाली. अमेरिकेचं उलटं: गणितात ४७०, टीमवर्कमध्ये ५२०. म्हणजे गणितात पक्कं असणं आणि दुसऱ्याला बरोबर घेऊन गणित सोडवणं यांचं नातं आहे, पण त्या दोन्ही एकच गोष्टी नाहीत. तीन-तीन क्लास लावणाऱ्या आपल्यासारख्या पालकांनी हा आकडा फ्रीजवर चिकटवून ठेवावा.

दुसरी गोष्ट मुलींची. परीक्षेतल्या प्रत्येक देशात मुली मुलांच्या पुढे होत्या, ओईसीडीत सरासरी २९ गुणांनी. एकही अपवाद नाही. २०१२ च्या एकट्याने सोडवायच्या परीक्षेत मुलगे सरासरी ७ गुणांनी पुढे होते. म्हणजे तीन वर्षांच्या अंतराने झालेल्या दोन परीक्षांत, एकट्याने सोडवायचं की मिळून, एवढ्या फरकावर पारडं फिरलं. यावरून मुलींना हे जन्मजातच येतं असं म्हणणाऱ्यांची मला भीती वाटते. घरात पाहुणे आले की पाणी कोणी द्यायचं, भाऊ रुसला की समजूत कोणी काढायची, हे आपण मुलींना लहानपणापासून शिकवतो. मुलग्यांना शिकवत नाही. जे शिकवलं ते आलं, असाही अर्थ निघतो, आणि मला तो जास्त पटतो.

आता मुख्य आक्षेप, जो तुमच्याही मनात आला असेल. चार वाक्यांतून एक निवडणं म्हणजे सहकार्य का? ॲलिस कधी रुसत नाही. झॅकला तुमचं आडनाव ऐकून तुमच्याबद्दल काही वाटत नाही. दोघांपैकी कोणीही 'तुला काय कळतंय' म्हणून तुमच्यावर हसत नाही. आपल्या वर्गातल्या खऱ्या गटात हे सगळं असतं. कोणाच्या हातात पेन द्यायचा, कोणी फळ्याजवळ उभं राहायचं, कोणाचं बोलणं मध्येच तोडायचं, यात गावातले सगळे उंबरठे वर्गात येतात. परीक्षा न्याय्य करायची म्हणून खरा माणूस काढला, आणि माणसाबरोबर नेमकी अवघड गोष्टच निघून गेली, असं टीकाकार म्हणतात. त्यात तथ्य आहे.

दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं. लक्झेंबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी हेच तपासून बघितलं. पिसाच्याच प्रश्नांमध्ये कॉम्प्युटरच्या गड्याच्या जागी खरा वर्गमित्र बसवला. मुलांच्या कामगिरीत लक्षणीय फरक पडला नाही. पण त्या वर्गमित्रालाही ठरलेल्या वाक्यांतूनच निवड करायची होती, हे विसरून चालणार नाही. माणसाला यंत्राची वाक्यं दिली तर तो यंत्रासारखा वागला, यात नवल ते काय? मोकळं बोलू दिलं असतं तर काय झालं असतं, हे त्यातून कळत नाही.

माझं मत असं. पिसा कुठल्याही एका मुलाला गुण देत नाही, देशाच्या शिक्षणाचा ताप मोजते. तेवढ्या कामासाठी हे खोटे सवंगडी चालतात. थर्मामीटरला रोग कळत नाही, पण ताप आहे हे कळतं. एखाद्या देशातली २८ टक्के मुलं सोप्या संवादातही अडखळतात, एवढं कळलं तरी धोरण आखणाऱ्यांना कामाला लागायला पुरेसं आहे. पण हेच थर्मामीटर एका मुलाच्या प्रगतिपुस्तकावर 'सहकार्य: क श्रेणी' असा शिक्का मारायला वापरलं, तर तो अन्याय होईल.

आणि ही भीती हवेतली नाही. पिसाने टीमवर्कची परीक्षा २०१५ नंतर पुन्हा घेतली नाही. २०१८ ला जागतिक भान आणि २०२२ ला सर्जनशील विचार असे विषय बदलत गेले. पण दरम्यान, २०२२च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं, आणि ग्रेसर यांच्या पिढीला जे शक्य नव्हतं ते झालं. आता कॉम्प्युटरचा गडी ठरलेल्या वाक्यांपुरता बांधलेला नाही. तो मोकळं बोलतो, मराठीतही बोलतो. उद्या एखादी कंपनी शाळेत येऊन म्हणेल, 'तुमच्या मुलांचं टीमवर्क आम्ही वीस मिनिटांत मोजून देतो.' संस्थाचालकांना ते सोयीचं वाटेल. त्या वेळी विचारायचे प्रश्न आजच तयार ठेवूया. प्रत्येक मुलाला सारखाच गडी मिळतो का? टाइप करायला हळू असलेल्या, प्रमाण मराठी न बोलणाऱ्या मुलाचे गुण त्यामुळे जातात का? टीम चुकीचं करत असताना ठामपणे 'नाही' म्हणणाऱ्या मुलीला गुण मिळतात की कापले जातात? आणि तो सगळा संवाद कोणाकडे साठवला जातो?

भारताचं काय, असं विचाराल. आपण २०१५च्या परीक्षेत नव्हतोच. २००९च्या फेरीत हिमाचल प्रदेश आणि तमिळनाडू उतरले, निकालात तळाशी आले, प्रश्न आपल्या परिस्थितीला धरून नाहीत असा आक्षेप आपण घेतला आणि पुढच्या फेऱ्यांपासून दूर राहिलो. आक्षेपात काही अंशी तथ्य असेलही. पण आरसा परत करून चेहरा बदलत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना मांडली आहे. शिक्षकांबरोबर मुलाने स्वतःचं आणि सोबत्यांनीही एकमेकांचं मूल्यमापन करायचं. कागदावर हे पिसाच्या यंत्रापेक्षा मला जास्त माणसाचं वाटतं. पण पन्नास-साठ मुलांचा वर्ग, त्यात निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं, हे सगळं सांभाळून एका शिक्षकाने गटांकडे बघायचं कधी? वेळ दिला नाही तर तिथेही शेवटी तेच वाक्य येणार, 'गटकार्यात उत्साहाने सहभाग घेतो.'

बायन यांच्या मैदानावर बाजूला उभा राहून बघणारा एक माणूस होता, आणि बघणं हेच त्याचं काम होतं. आपल्या शिक्षकाला तेवढी मोकळीक आठवड्यातून एक तास जरी मिळाली, दोन मुलांना अर्धं-अर्धं सामान देऊन चार लिटर मोजायला सांगता आलं आणि शांतपणे बघता आलं, तरी ॲलिस आणि झॅकपेक्षा कितीतरी जास्त कळेल. मशीन हवं तर मदतीला घ्या. पण शिक्षकाचा वेळ वाचवण्याच्या नावाखाली शिक्षकाचं बघणंच बंद करू नका, एवढं मात्र शाळेच्या पुढच्या पालकसभेत सगळ्यांनी मिळून सांगायला हवं.

तुमच्या मुलांच्या शाळेत गटकार्याचे गुण कसे देतात? खरंच कोणी बघतं का? शिक्षक मंडळींनीही आपली अडचण मोकळेपणाने लिहा.